खुंटीवरचा कासरा

एकोडी, ता. १४ जून १९७८

सौ. चंद्रकांता हीस,

मी इथे सुखरूप आहे, असं लिहायची रीत आहे. मी सुखरूप नाही. आधीची कार्डं अख्ख्या आसगावनं वाचली असतील आणि तू तेवढी वाचली नसशील, म्हणून या वेळी आंतर्देशीय घेतलं. डिंक लावून बंद केलं आहे. पोस्टमननं वाचायचं ठरवलंच तर त्याला आता फाडावं लागेल.

दवाखान्यामागची खोली मिळाली आहे. समोर नळ आहे, मागे सीताफळाचं झाड आहे, शेजारी कंपाउंडरचं कुटुंब आहे. माझ्या हुद्द्याला मराठीत ‘व्रणोपचारक’ म्हणतात. मी जनावरांच्या जखमा धुतो, मलम लावतो, पट्ट्या बांधतो. लोक मला ‘डाक्टर’ म्हणतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. सात वर्षं घरजावई म्हणून राहिल्यावर माणसाला कोणी काहीही म्हटलं तरी बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. मामाजींचा कासरा माझ्याकडे आहे. तू म्हणशील, मुद्दाम नेला. त्या सकाळी काय झालं ते तुला माहीत आहे. मी नोकरीचा हुकूम दाखवला आणि मामाजी ओसरीतूनच म्हणाले, “घरजवाई नौकरीवर जाते, हे म्या कोठंच नाई आयकलं. जायाचं त जा. पोरगी येनार नाई.” मी तुझ्याकडे पाहिलं. तू सूप पाखडत होतीस आणि पाखडतच राहिलीस. मला वळकटी बांधायला दोरी हवी होती. हात वर गेला आणि खुंटीवर जे होतं ते आलं. पवनीच्या बसमध्ये वळकटी मांडीवर घेतली तेव्हा कळलं की अंबाडीचा तो कासरा आहे. लग्नाच्या दिवशी पाच माणसांपुढे मामाजींनी माझ्या हातात दिलेला.

तुमच्या घराण्याची ती रीत मला तेव्हा गमतीची वाटली होती. मुलगा नसलेल्या घरात जावई आला की त्याच्या हातात बैलांचा कासरा द्यायचा, म्हणजे तो घरचा माणूस. त्याला जायचं असेल तर त्यानं पुन्हा पाच माणसांपुढे तो सासऱ्याच्या हातात परत द्यायचा, म्हणजे तो गेला आणि पोरगी मोकळी झाली. आता विचार कर. कासरा माझ्याकडे आहे. म्हणजे तुमच्याच रीतीप्रमाणे मी अजून गेलेलो नाही.

तू इथे ये. मामाजींना घेऊन ये. खोली लहान आहे, पण ओसरी मोठी आहे, खाट मावेल.

तुझा,
जागेश्वर

एकोडी, ता. ९ जुलै १९७८

सौ. चंद्रकांता हीस,

उत्तर नाही. धानाचे परे वाढले असतील, तुला वेळ नसेल, असं मी स्वतःला सांगतो. स्वतःला सांगायला माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

एक गंमत सांगतो, हसलीस तर बरं. आमच्या दवाखान्यावर नवा बोर्ड लागला. वर इंग्रजीत ‘ॲनिमल हजबंडरी’ आणि खाली मराठीत ‘पशुसंवर्धन’. पेंटर सातवी शिकलेला. त्यानं मला विचारलं, “डाक्टर, हजबंड म्हंजे नवरा ना? मंग जनावराइच्या दवाखान्यावर नवरा काहून लिवला?” मी मॅट्रिक. मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, सरकारी शब्द आहे, रंगव. पण तो शब्द डोक्यातून जाईना. रोज सकाळी गुरांची रांग लागते आणि मी मान वर केली की तोच दिसतो. म्हशीचं गळू कापताना वर नवरा. बैलाच्या खांद्याला मलम लावताना वर नवरा.

शेवटी मारोतराव गुरुजींकडे गेलो. ते इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतात, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाला जेवायला बोलावतात. ते म्हणाले, “सोपं आहे. हाऊस म्हणजे घर. बँड म्हणजे बांधायची पट्टी, दोरी. जो घराला बांधून ठेवतो तो हजबंड. तसाच गाईगुरांना बांधून ठेवतो, म्हणून हजबंडरी.”

चंद्रकांता, मी घास हातात धरून बसलो. घरी येऊन खिळ्यावरचा कासरा पाहिला. मला रडू आलं. लपवत नाही. साहेब लोकांच्या देशात कोण्या माणसानं हा शब्द केला असेल, त्याला आसगावची तुमची ओसरी माहीत नव्हती, मामाजी माहीत नव्हते, आणि तरी त्यानं नवऱ्याच्या हातात दोरी दिली.

म्हणून माझं म्हणणं असं. घर कुठे असावं, हे त्या शब्दात नाही. दोरीवाला जिथे असेल तिथे घर. मामाजींनी मला दोरी दिली आणि ती माझ्याजवळ आहे. आता घर एकोडीला असायला काय हरकत आहे? तू म्हणशील, शिकून आला आणि वाद घालू लागला. हो. मला दुसरं काही करता येत नाही. तुझ्याशी समोरासमोर वाद घालायला मी आत्ता आठ दिवसांचं जेवण सोडीन.

परे उपटून रोवणा कधी लागतो ते कळव. मी रजा काढून येतो. म्हणजे, तू ये म्हटलंस तर.

तुझा,
जागेश्वर

एकोडी, ता. २० ऑगस्ट १९७८

चंद्रकांता,

तुझं कार्ड आलं. सातवी पास बायकोचं पहिलं पत्र. “कासरा पाठवा. रोवणा झाला. बाबा बरे नाहीत.” एवढंच. खाली सही, तीसुद्धा पूर्ण नावाची, जशी तलाठ्याला द्यावी. मी ते कार्ड इतकं वाचलं की कंपाउंडरच्या बायकोनं विचारलं, “तार आली काय?”

आधी मी ‘बाबा बरे नाहीत’ यावर अडलो. मामाजींना काय झालं, हे तू लिहिलं नाहीस. मग ‘कासरा पाठवा’ यावर अडलो आणि तिथून पुढे गेलोच नाही.

काल जमुना आत्या येऊन गेली. सकाळच्या बसनं आली, दुपारी परत गेली. तुझी आत्या म्हणून चहा केला, पोहे केले. तिनं सगळं सांगितलं. चिखलणीच्या दिवशीच मामाजी धानाच्या बांधीत पडले. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळतं. आणि मला कोणी कळवलं नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात का असेना, दवाखान्यात आहे. भंडाऱ्याला नेण्याची सोय केली असती. तुला मी इतका परका झालो?

पुढे ती म्हणाली, विरलीचा भैय्यालाल रोवण्याला स्वतःची बैलजोडी घेऊन आला. बायको वारलेला, घरी तीन भाऊ, त्यामुळे तुमच्या घरी येऊन राहायला मोकळा. मामाजींच्या मनात तो भरला आहे. दिवाळीनंतर आसगावच्या मंडईच्या जत्रेला सगळे सोयरे जमतील, पंच बसतील, आणि त्याच्याशी तुझा पाट, दुसरं लग्न, लावायचं ठरेल. पण कासरा बाहेर असेपर्यंत पंच तोंड उघडू शकत नाहीत.

मी विचारलं, “आत्या, तिनं सांगतलं काय तुमाले?”

“तिनं सांगतलं, कासरा आना. दुसरं काई नाई बोलली.”

“भैय्यालालबद्दल?”

“जवाईबापू, म्या सांगतलं ना, दुसरं काई नाई बोलली.”

“रडत होती काय?”

आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. “तिले रडाले टाइम कुठी हाये? बापाले उठवते, बसवते, न्हाऊ घालते. सकाळी बांधीत, सांजच्याले बांधीत. तुमी कासरा देऊन टाका. पोरगी ना इकडची ना तिकडची होऊन राहिली.”

मी म्हणालो, कासरा उंदरांनी कुरतडला. कासरा तिच्या डोक्यावरच खिळ्याला लटकत होता. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोहे खाल्ले. ती चांगली बाई आहे. तिनं हात वर करून घेतला असता तरी मी अडवलं नसतं, पण तो जावयानंच सासऱ्याच्या हातात द्यायची रीत तिलाही माहीत आहे.

मी देणार नाही, चंद्रकांता. तू स्वतः ‘मला भैय्यालाल हवा’ असं लिहून पाठव. तीन शब्द. तोपर्यंत मी देणार नाही.

जागेश्वर

एकोडी, ता. २ सप्टेंबर १९७८, पोळा

चंद्रकांता,

तू ते तीन शब्द लिहिले नाहीस. दुसरेही लिहिले नाहीस.

आज पोळा. इथे तोरणाखाली बैलांची रांग लागली होती. मला मानानं पुढे बोलावलं, कारण मी बैलांचा डाक्टर. एकेका बैलाच्या कपाळाला मी टिळा लावला. ज्यांच्या खांद्यांना मी मलम लावलं होतं त्यांनी मला ओळखलं. लोक आपापले कासरे धरून उभे होते आणि मी रिकाम्या हातानं. एकानं विचारलं, “डाक्टर, तुमची जोडी?” मी म्हणालो, गावाकडे.

लाल्याच्या शिंगांना रंग कोणी लावला? चांद्या उजव्या बाजूनं माणूस आला की बिचकतो, हे भैय्यालालला कोणी सांगितलं का? त्याला डावीकडूनच जावं लागतं. आधी नाव घ्यायचं, मग पाठीवर हात, मग वेसण. एवढं तरी त्याला सांग. बैलाचा यात काय दोष?

तुला खरं सांगतो. आज मिरवणूक झाल्यावर मी कासरा घेऊन इथल्या तलावाच्या पाळीवर गेलो. मनात असं आलं की दगड बांधून टाकून द्यावा. मग तो कधीच परत देता येणार नाही. पंच जन्मभर बसून राहिले तरी तू माझीच. मी पाळीवर उभा होतो आणि खाली धीवरांच्या बायका जाळी धूत होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी वर पाहून ओरडली, “अजी डाक्टर, सरका मागं, पाळ निसटून राहिली!” मी मागे सरकलो. तिला वाटलं मीच पडतो आहे. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

परत आलो. कासरा पुन्हा खिळ्याला लावला. त्याला मामाजींच्या हाताचा वास आहे, तंबाखूचा आणि अंबाडीचा. मला इथे कोणी नाही. माझे आई-बाप मी दहा वर्षांचा असताना गेले आणि काकांनी मला वाढवलं, ते कसं, हे तुला माहीत आहे. तुमच्या घरी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. मामाजी मला टोचून बोलले तरी त्यांनी ताटात आधी मलाच वाढायला लावलं. मग मी का गेलो, असं तू विचारशील. पवनीच्या बाजारात, सोयऱ्यांच्या लग्नात, नाटकाच्या मांडवात, सगळीकडे मी ‘सुखरामचा जवाई’. मला एकदा जागेश्वर व्हायचं होतं. झालो. इथे सगळे मला डाक्टर म्हणतात, आणि जागेश्वर म्हणणारं कोणी नाही. तू तर नवऱ्याचं नाव घेत नाहीस, पण तू ‘अवो’ म्हणायचीस त्यात माझं नाव असायचं.

भैय्यालालला तू ‘अवो’ म्हणशील. हे लिहिलं आणि पेन ठेवावं लागलं.

चंद्रकांता, काहीतरी लिही. शिव्या लिही. आत्याकडून निरोप पाठवू नकोस.

जागेश्वर

एकोडी, ता. १२ ऑक्टोबर १९७८

चंद्रकांता हीस,

हे पत्र शांतपणे लिहितो आहे. तुला खरं वाटणार नाही, पण तसंच आहे.

परवा लसींचे खोके आणायला भंडाऱ्याला गेलो होतो. साहेब जेवायला गेले, खोके मिळायला वेळ होता, म्हणून वाचनालयात गेलो. तिथे इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश टेबलावर मांडून ठेवलेला असतो, दोन्ही हातांनी उघडावा लागतो. शब्दांची मुळं त्यात दिलेली आहेत. मी ‘हजबंड’ काढला. मला गुरुजींचंच म्हणणं तिथे छापलेलं हवं होतं. उतरवून तुला पाठवणार होतो, वर पान नंबर घालून. तुझ्या पंचांना दाखवायला.

तिथे दोरी नाही. पट्टी नाही. बांधण्याचा कुठे पत्ताच नाही.

नॉर्वे-डेन्मार्ककडच्या जुन्या लोकांची भाषा होती. तिच्यातून तो शब्द इंग्रजीत आला. पहिला तुकडा घर, ते बरोबर. दुसरा तुकडा ‘बाँडी’. म्हणजे राहणारा. वस्ती करून राहणारा, आपली जमीन कसणारा शेतकरी. घरात राहतो आणि घरची जमीन कसतो तो हजबंड. लग्नाचा त्यात संबंधच नव्हता, नवरा हा अर्थ मागाहून येऊन चिकटला. म्हणून शेती आणि गुरं सांभाळण्याला हजबंडरी, म्हणून आमचा बोर्ड. पेंटरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आणखी एक अर्थ होता, एखादी गोष्ट जपून, पुरवून पुरवून वापरणे. तुझं कार्ड मी तसंच वापरतो आहे.

मी मदतनिसाला म्हणालो, दुसरा कोश आहे का? त्यानं दुसरा दिला. त्यातही तेच. गुरुजींना येऊन सांगितलं, तर ते म्हणाले, छापणाऱ्यांची चूक असेल. गुरुजी भले आहेत, त्यांनी माझ्यासाठी दोन्ही कोश खोटे ठरवले.

पण मला झोपेत मारल्यासारखं झालं. मी चार महिने दोरी धरून बसलो होतो आणि म्हणत होतो, मी हजबंड. राहायला मी एकोडीला. कसतो मी काहीच नाही, दुसऱ्यांच्या बैलांना मलम लावतो. त्या पुस्तकाप्रमाणे माझ्याकडे आहे ते काय? अंबाडीची दोरी. ती धरून ठेवून मी कोणाला बांधलं? घराला नाही. एकट्या तुला.

जमुना आत्या म्हणाली होती, ना इकडची ना तिकडची. तेव्हा मला ते फक्त माझ्याविरुद्धचं बोलणं वाटलं.

मंडईला येतो. पाच माणसं बसवा. मामाजींच्या हातात कासरा देतो. नंतर तो ज्याच्या हाती द्यायचा त्याच्या हाती द्या. मी भांडणार नाही, दारू पिऊन येणार नाही, पाया पडणार नाही. पाया पडायची तर फार इच्छा आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो की पडणार नाही.

चांद्याला डावीकडूनच, हे मात्र त्या माणसाला सांगच.

जागेश्वर

एकोडी, ता. ८ नोव्हेंबर १९७८

चंद्रकांता हीस,

तू तिथे होतीस. तरी मी काय पाहिलं ते लिहितो, कारण तुला माझा चेहरा दिसत होता, आतलं दिसत नव्हतं.

बसमधून उतरलो तर मंडई भरलेली. दंडारीचा ढोल, फुगे, जिलेबी, उसाच्या मोळ्या. ओळखीची माणसं माझ्याकडे पाहत आणि मग माझ्या खांद्यावरच्या कासऱ्याकडे. कोणी हाक मारली नाही. तुमच्या दारात आलो. ओसरीत मामाजी खाटेवर, भिंतीला टेकवून बसवलेले. एवढा उंच माणूस, उशीवर अर्धाच उरला होता. त्यांच्या डोक्यावर ती खुंटी, रिकामी. तिच्यावर कोणी टोपीसुद्धा टांगलेली नव्हती. पाच जण सतरंजीवर होते. भैय्यालाल खांबाजवळ, टेरिलिनच्या शर्टात. दिसायला भला माणूस आहे. मी त्याचा द्वेष करायला आलो होतो आणि ते जमेना.

मी कासरा मामाजींच्या डाव्या हातात दिला. उजवा मांडीवर पडला होता. त्यांनी कासरा चाचपला. पीळ पाहिला, कुठे सैल झाला का ते पाहिलं. मग अडखळत म्हणाले, “जपून... ठेवला.” मला वाटलं होतं ते शिवी देतील. शिवी सोसली असती.

पंचांपैकी एक म्हणाला, “झालं. सुखरामभाऊ, आता कासरा कोनाच्या हाती?” भैय्यालाल खांबापासून सुटला. मी जमिनीकडे पाहिलं. ते पाहायला लागू नये एवढंच मला हवं होतं.

आणि तुझ्या बांगड्या वाजल्या. स्वयंपाकघरातून तू आलीस, हात पिठाचे. पदरालाही पुसले नव्हतेस. खाटेजवळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, “बाबा, माह्या हातात द्या.”

बाहेर ढोल चालू होता. मग तो पंच म्हणाला, “बाईच्या हातात कासरा? बाई, असं कोठी होते काय?”

तू म्हणालीस, “नांगराले बाईनं हात लावू नये, हे मले मालूम हाये. कासऱ्याचं कोनी काई सांगतलं काय?”

पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. मी आयुष्यात पंचांना असं पाहिलं नाही. सगळे जुनं आठवत होते आणि कोणालाच काही सापडत नव्हतं. जमुना आत्या दारातून म्हणाली, “नाई सांगतलं. माह्या आज्यानंबी नाई सांगतलं.”

तू बापाकडेच पाहत होतीस. “बाबा, रोवणा म्या केला. धान म्या कापून राहिली. तुमाले म्याच उठवते. कासराच तेवढा बाहेर होता, तो आला. आता मले मानूस कायले पायजे?”

मामाजी रडले. वाकड्या तोंडानं रडणारा माणूस पाहवत नाही. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि कासरा तुझ्या पिठाच्या हातात आला. तू टाचा उंचावून तो खुंटीला टांगलास.

भैय्यालालनं विचारलं, “मंग नांगर कोन धरन?” रागानं नाही, खरंच विचारलं.

“सालदार गडी ठेवीन. जो राबन तो.”

मग तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. मे महिन्यापासून पहिल्यांदा. मला काय काय वाटलं ते लिहीत नाही, कागद कमी आहे. तू म्हणालीस, “तुमची बस सुटन.”

आणि मी निघालो. खरोखर बस सुटत होती.

पवनीपर्यंत मी बाहेर पाहत बसलो. कापणी झालेल्या बांध्या, धानाचे भारे, कोणाकोणाच्या बैलजोड्या. आणि हळूहळू डोक्यात शिरलं. तू कासरा मागत होतीस तो सुटायला नाही, धरायला. तुझ्या त्या एवढ्याशा कार्डात भैय्यालाल कुठेच नव्हता. मीच त्याला तिथे बसवला आणि अडीच महिने त्याच्याशी भांडलो. शब्द शोधायला भंडाऱ्याला गेलो, दोन दोन कोश उघडले, घरात राहून घरची जमीन कसणारा म्हणजे कोण हे शाईनं उतरवून तुलाच पाठवलं, आणि तरी माझ्या डोळ्यापुढे पुरुषच उभा राहिला. कधी मी, कधी तो. सूप पाखडणारी, बापाला न्हाऊ घालणारी, चिखलात उभी असलेली, ती तिथे आधीपासून होती. तुमच्या घरात तो शब्द कोणाचा असेल तर तुझा.

मग माझ्यासाठी कोणता उरतो, हे मी बसमध्ये विचारत होतो. एकोडीला आल्यावरही विचारतो आहे. खिळा रिकामा आहे. सवयीनं मान वर जाते.

म्हणून खाली अर्ज करतो. नोकरीचा राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे, तारीख घातलेली नाही. पवनीच्या दवाखान्यात बदली मिळते का तेही विचारलं आहे. साहेब म्हणाले, मार्चआधी सांगता येत नाही. मार्चपर्यंत थांबायचं बळ माझ्यात नाही. तू हो म्हटलंस तर राजीनाम्यावर तारीख पडेल. नाही म्हटलंस तर मी पुन्हा लिहिणार नाही.

मालकीणबाई सौ. चंद्रकांता, मु. आसगाव, यांचे सेवेशी,

अर्जदार जागेश्वर विनंतीपूर्वक लिहितो की आपणास सालदार पाहिजे असे भर पंचांत कळले. अर्जदारास नांगरणी, चिखलणी, परे टाकणे व बैलांची दुखणी समजतात. आजारी माणसास उचलून बसवणे समजते. नांगर अर्जदार धरील, कासरा आपल्या हाती राहील. राहण्यास ओसरीचा कोपरा पुरे, मामाजींच्या खाटेच्या पायथ्याशी, रात्री त्यांना पाणी लागते. घरचा माणूस म्हणून ठेवावे, असा अर्जदाराचा आग्रह नाही. नाव घेऊन हाक मारली तरी चालेल.

चांद्याला डावीकडून जावं लागतं, हे नव्या माणसाला सांगावं लागेल. बैल सोडल्यावर कासरा कोणत्या खुंटीला टांगायचा, हेही सांगावं लागेल. मला यातलं काही सांगावं लागणार नाही.

उत्तराची वाट पाहतो.

जागेश्वर